पुठ्ठ्यावरचा भोवरा

सिद्धेश्वरीचा मेसेज आला तेव्हा ऋतुजा ठकूला मांडीवर घेऊन नाचणीची पेज भरवत होती. एक डोळा चमच्यावर, एक डोळा फोनवर.

‘ऋतू, यंदा तुला कार्डाची माफी आहे गं. बाळ लहान आहे. पुढच्या वर्षी बघू. अजिबात टेन्शन घेऊ नकोस.’ आणि खाली एक हसरा सूर्य.

मेसेज मायेचाच होता. कुणालाही दाखवला असता तर ‘किती गुणाची मैत्रीण’ असंच म्हटलं असतं. पण ऋतुजाला तो लागला. माफी गुन्ह्याला असते, नाहीतर आजारी पोरीला कवायतीच्या तासाला. आपण या दोन्हींतल्या कोण, हे तिला कळेना. तेवढ्यात ठकूनं चमच्यावर थाप मारली आणि पेज फोनवर, सूर्यावर, सगळीकडं उडाली.

गोष्ट साधीच होती, पण जुनी होती. सोलापुरात चित्रकलेचा डिप्लोमा करताना हॉस्टेलच्या एका खोलीत चौघी होत्या. मोहोळची ऋतुजा, बार्शीची सिद्धेश्वरी, सृष्टी आणि अपेक्षा. पहिल्या वर्षी संक्रांतीला दुकानातली गुलाबी चकचकीत शुभेच्छापत्रं बघून सिद्धेश्वरी म्हणाली होती, “आपण चित्रं काढायला शिकतोय आणि तिळगुळाला दुसऱ्याचं चित्र पाठवायचं? लाज वाटत नाही का गं?” तिथंच नेम ठरला. कार्ड आपल्या हातानं करायचं. पोस्टानंच पाठवायचं, फोनवर फोटो नाही. आत चिमूटभर काटेरी हलवा घालायचा. आणि चित्र काढायचं ते त्या वर्षी आपल्या डोळ्यांनी जे सगळ्यात जास्त बघितलं, त्याचंच. उगाच पतंग आणि हळदीकुंकवाच्या वाट्या काढून चालणार नाही.

डिप्लोमा संपला, चौघी चार दिशांना गेल्या, पण कार्डं येत राहिली. सिद्धेश्वरी बार्शीला शाळेत चित्रकलेची बाई झाली. एका वर्षी तिनं नुसत्या वेण्या काढल्या, पाठमोऱ्या, रिबिनींच्या, चाळीसेक तरी. सृष्टी पुण्याला गेली. तिनं एकदा लिफ्टचा दरवाजा काढला, बंद, आणि त्यात तिचीच पुसट सावली. ऋतुजा टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन खात्यात होती, तिनं ग्राफपेपर काढला होता, लाल-निळी घरं भरलेला.

अपेक्षाचं मात्र लग्न झालं आणि त्या वर्षी ती म्हणाली, यंदा जमत नाही. तिघींनी अगदी प्रेमानं तिला कळवलं होतं, पुढच्या वर्षी बघू.

अपेक्षाचं ते पुढचं वर्ष अजून यायचं होतं.

ऋतुजानं फोनवरची पेज पदरानं पुसली आणि एका बोटानं टाईप केलं, ‘माफी नको. कार्ड येईल.’ सूर्य नाही, फूल नाही. पाठवून दिलं आणि मग तिला कळलं, आपण काय कबूल करून बसलो. कारण ठकू झाल्यापासून तिनं साधी रेघसुद्धा ओढली नव्हती.

“काय झालं गं? त्वांड का आसं?” सासूबाईंनी विचारलं. गोजाबाई मंद्रूपच्या. मेंढरं धाकट्या दिराच्या गळ्यात टाकून नातीसाठी त्या सोलापुरात येऊन राहिल्या होत्या, आणि रोज एकदा तरी ‘मी उद्या जाते बग’ म्हणत होत्या.

“आत्या, मला संक्रांतीची कार्डं करायचीत. मैत्रिणींना.”

“कार्डं? लगनाची?”

“नाही हो. चित्राची. तिळगुळाबरोबर पाठवायची.”

“मग तिळगूळ पाठव की. कागुद काय चावून खात्यात का त्या?”

संध्याकाळी तिचा नवरा अमृत ट्रॅक्टरच्या शोरूममधून आला आणि त्याला कळलं तेव्हा तोही उत्साहात म्हणाला, “अगं त्यात काय! ठकूचा एक भारी फोटो दे, मी मोबाईलवरूनच छापायला टाकतो. जाड कागद, चकचकीत. दोन दिवसांत घरपोच.”

“तुम्ही छापून आणलंत तर ते तुमचं कार्ड. तुमच्या मित्रांना पाठवा.”

“माझे मित्र कार्ड बघून माझ्या तोंडाकडं बघतील.”

“मग नका पाठवू,” ती म्हणाली, आणि भाजी ढवळायला गेली.

आता करायचं काय, हा प्रश्न होता. जलरंग काढले तर ठकूनं पहिल्याच दिवशी पिवळ्या वडीला चाटून बघितलं. लिनोवर कोरून ठसे काढायची ऋतुजाला हातोटी होती, पण कोरण्या म्हणजे चाकूच. सात महिन्यांचं रांगतं पोर घरात असताना त्या डब्याचं झाकणसुद्धा उघडायची तिला छाती होईना. राहिली पेन्सिल. पेन्सिल हातात घेतली की ठकूला तीच पेन्सिल हवी असायची. दुसरी दिली तरी तीच.

वाट सापडली ती खाली, कमलम्मांच्या शेडमध्ये.

कमलम्मा घरमालकीण. सोलापूरच्या पूर्वभागातली ती गल्लीच मागांची. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाडं. दिवसभर खटक-खट, खटक-खट चालायचं आणि पाहुण्यांची डोकी उठायची. पण गल्लीतली पोरं त्याच आवाजात जन्माला आलेली. त्यांना आवाजाचं काही नव्हतं, त्यांना जाग यायची ती आवाज बंद झाल्यावर. लाईट गेली की माग थांबायचे आणि पुढच्या क्षणाला घराघरांतून टाहो. ठकूही तशीच. तिला अंगाई लागत नव्हती, कमलम्मांचा तिसरा माग लागायचा.

त्या दिवशी ऋतुजा दोरीवरचे लंगोट काढायला खाली गेली, तर शेडच्या दाराशी कमलम्मा कोऱ्या पुठ्ठ्यांची चवड बांधत बसल्या होत्या. चादरीची नक्षी मागाला सांगायची ती या पुठ्ठ्यांनी. लांबट पट्ट्या, त्यांत भोकं. भोक असेल तिथं धागा उचलायचा, नसेल तिथं सोडायचा. अशा पट्ट्या दोऱ्यानं एकमेकींना बांधून त्यांची माळ मागावर चढवायची. आता कमलम्मांच्या मुलानं मागाला कंप्युटर बसवला होता आणि पुठ्ठ्यांचं काम संपलं होतं.

“हे कोरे कुठं नेताय, कमलम्मा?”

“बंबात. पाणी गरम करायला. अंघोळ तरी होतंय की.”

ऋतुजानं एक पट्टी उचलली. पिवळसर, गुळगुळीत, टणक. ठकूनं चावली तरी बरीच टिकेल, हा पहिला विचार. आणि लगेच दुसरा. हिला रंग लागत नाही. भोकं पाडायची, आणि उन्हासमोर धरायची. चित्र उजेडाचंच होईल.

“मला द्याल थोडे? आणि ती भोकं पाडायची लोखंडी पट्टी आहे का अजून?”

“हाय की, गंजत पडली. पण अय्यो, ऋतुजाबाई, त्यावर हातोडी मारायला लागतंय. ठण ठण होतंय. पोरगी उठेल की वर.”

“तुमचे माग चालू असले की नाही उठत ती.”

कमलम्मा हसल्या. “म्हणजे आमचा आवाजाचा उपयोग झाला म्हणा कुणाला तरी! खाली आमचा मालक बहिरा व्हायला आला त्यात.”

मग तसाच परिपाठ पडला. दुपारी ठकू झोळीत निजली आणि खालचे माग जोरात असले की ऋतुजा खिडकीखाली पाट मांडायची. आधी चित्र. काय काढायचं याचा तिला विचारच करावा लागला नाही. वर्षभर डोळ्यांनी बघितलं काय? ठकूचं तोंड. सगळे तसंच म्हणत होते, ‘आता काय बाई, लेकीच्या तोंडाकडं बघण्यातच दिवस जात असेल.’ कारखान्यातून आणलेले ग्राफपेपर ट्रंकेत शिल्लक होते. त्यावर तिनं ठकूचा चेहरा बसवला. गोल गाल, मुडपलेलं नाक, ओठांचा चंबू. घरं भरताना हाताला आपोआप आठवत गेलं. छान उतरला. तिला स्वतःचाच हेवा वाटला.

मग भोकं. ग्राफवरचं एक भरलेलं घर म्हणजे पट्टीवरचं एक भोक. पुठ्ठा लोखंडी पट्टीत अडकवायचा, तिच्या भोकात पंच, म्हणजे भोक पाडायचा खिळा, धरायचा, वर हातोडी. ठक. खालचा माग खटक-खट, वरून हिचं ठक. मधूनच लाईट जायची. खाली सगळं गप्प व्हायचं, हिची हातोडी हवेत तशीच राहायची, आणि झोळीतून हुंकार यायचा. तेवढ्यात गल्लीतली बाकीची पोरं सुरू झालेली असायची. मग पाट उचल, पंच फळीवर ठेव, ठकूला घे. लाईट परत यायची तेव्हा ठकू टक्क जागी असायची आणि दुपार संपलेली असायची.

असं करत करत एक चित्र पुरं झालं. पट्ट्या कापून तिनं त्या दोऱ्यानं एकाखाली एक ओवल्या, घडी घालता येईल अशा. आणि खिडकीत उन्हासमोर धरल्या.

“ह्ये काय?” गोजाबाई मागून डोकावल्या.

“ठकू.”

गोजाबाईंनी डोळे बारीक केले. मान वाकडी करून बघितलं. “न्हाय गं बाई. ही ठकू न्हाय. ह्येच्यावर म्हस बसून उठलीया.”

खरंच होतं. चेहरा बसका झाला होता. गाल कानाच्या पलीकडं गेलेले, कपाळ गायब, ओठांच्या चंबूची फळी झालेली. ऋतुजा बघतच राहिली आणि मग तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

कापडात उभे धागे दाट बसतात, आडवे विरळ. म्हणून कारखान्यातल्या ग्राफची घरं चौकोनी नसतातच, उभट असतात. त्या उभट घरांत चेहरा नीट दिसला, पण पुठ्ठ्यावरची भोकं चारी बाजूंनी सारख्या अंतरावर. त्यात उतरवला की तो दबणारच. कारखान्यात तिनं हे किती वेळा बघितलं असेल, आणि कधी फिकीर केली नव्हती, कारण पुढं कापड विणलं जायचं आणि त्यात सगळं ताणून सरळ व्हायचं. इथं पुढं कापड नव्हतं. पुठ्ठ्यावरच काम संपत होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं हातानं परस्पर कापडाचा हिशेब धरला होता, आणि डोक्याला विचारलंही नव्हतं.

“हसू नका, आत्या.”

“मी कुटं हसतीया,” गोजाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. “ऱ्हाऊ दे की आता. पाठव तसंच. लेकरू हाय म्हनायचं, गुटगुटीत.”

“नाही.”

“लई हट्टी हायस बग.”

“हो.”

गोजाबाईंनी हसणं थांबवलं. सुनेच्या आवाजात काहीतरी होतं. त्या जवळ येऊन बसल्या. “का गं एवढं? कागदापायी?”

“कागदापायी नाही,” ऋतुजा म्हणाली. बसका चेहरा तिनं मांडीवर ठेवला. “यंदा नाही केलं ना आत्या, तर पुढच्या वर्षी ठकू चालायला लागेल. मग बालवाडी. मग शाळा. दरवर्षी कारण असेल, आणि दरवर्षी खरंच असेल. एक दिवस कुणी विचारेल, तुम्ही चित्रं काढायचात का, आणि मी म्हणेन, हो, लग्नाआधी.”

गोजाबाई उठल्या आणि झोळीला झोका देऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा साधी चौकोनी घरं आखून तोच चेहरा पुन्हा काढायला बसणार होती. पण त्याआधी ठकूला पाजायला घेतलं, आणि तिथंच ती थबकली. ठकूचं तोंड तिला दिसतच नव्हतं. तोंड पदराखाली, छातीशी. दिसत होती ती टाळू. दिवसातून कितीदा, महिन्यांमागून महिने, बसून, कुशीवर, डुलकी घेत, घड्याळाकडं बघत, रडू आवरत, तिनं बघितलं होतं ते हे. पातळ जावळ आणि त्यात मागच्या बाजूला फिरत गेलेला भोवरा. कुठला केस कुठून निघतो आणि कुठं वळतो, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. चेहरा सगळ्यांनी बघितला होता. त्याचे फोटो तर सासर-माहेरच्या प्रत्येक फोनमध्ये होते. हा भोवरा या कोनातून फक्त तिलाच माहीत होता.

“आत्या,” ती हलकेच म्हणाली, “पेन्सिल द्या जरा. आणि कागद. कुठलाही.”

गोजाबाईंनी कॅलेंडरचं मागचं पान टरकावून आणलं. पाजता पाजताच, उजव्या हातानं, ठकूच्या पाठीवर कागद हलका टेकवून ऋतुजानं रेघा ओढल्या. ठकूनं डोकं हलवलं की भोवरा हलायचा, ती थांबायची. गोजाबाई वाकून बघत होत्या.

“भवरा व्हय?” त्या म्हणाल्या. “एकच हाय. बरं हाय. दोन आसते तर दोन नवरे करावे लागले आसते, आन् एकाचाच ताप काय कमी आसतो.”

ऋतुजा हसली तशी ठकूचं तोंड सुटलं आणि तिनं वर बघून जाब विचारल्यासारखा आवाज काढला.

या वेळी तिनं ग्राफपेपर घेतलाच नाही. पट्ट्याच शेजारी शेजारी मांडल्या, भोकांच्या जागांवर पेन्सिलीनं ठिपके दिले आणि भोवरा तिथंच फिरवला. मधून निघालेली एक रेघ, बाहेर येता येता विरळ होत गेलेली, कडेला एखाद-दुसराच ठिपका, जावळासारखा. करायची होती दोन. एक बार्शीला, एक पुण्याला. आणि पोस्टात टाकायची होती संक्रांतीच्या गड्डा जत्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत, कारण एकदा जत्रेचे पाळणे उभे राहिले की कडेवर पोर घेऊन त्या बाजूला जायची सोय नाही.

कमलम्मांनी सकाळीच जिन्यातून हाक मारली, “आज लाईट जाणार हाय दुपारी, मेसेज आलंय!”

ऋतुजाच्या हातातलं लाटणं थांबलं. आजची दुपार गेली की उरलेल्या दुपारी पुरणार नव्हत्या. तिनं गॅस बंद केला, ठकूला कडेवर घेतलं, पाट-पट्टी-हातोडी गोजाबाईंच्या हातात दिली आणि सगळा लवाजमा घेऊन ती शेडमध्ये उतरली.

“हितं?” कमलम्मा ओरडल्या, कारण मागांच्या आवाजात ओरडल्याशिवाय काही ऐकू यायचं नाही.

“इथंच! जागेपणीच करते! ठकूला धरा!”

कमलम्मांनी ठकूला घेतलं. ठकूनं आपला लाडका तिसरा माग पहिल्यांदाच जवळून बघितला आणि तिचा आ वासला तो वासलाच. गोजाबाई पुठ्ठा दाबून धरायला बसल्या. ऋतुजा पंच धरत गेली, मारत गेली. दंडाला रग लागली, अंगठ्यावर एकदा हातोडी बसली. गोजाबाई ‘आगं आगं’ म्हणाल्या, ती थांबली नाही. लाईट गेली तेव्हा सगळे माग एका दमात गप्प झाले, गल्लीतून टाहो उठला, ठकूही सुरू झाली. ऋतुजानं त्या रडण्यातच उरलेली भोकं पाडली. ठक. ठक. ठकू रडता रडता थांबली आणि हातोडीकडं बघायला लागली.

“घ्या,” कमलम्मा म्हणाल्या, “आता पोरीला तुमचाच माग लागणार.”

दोऱ्यानं ओवून, घडी घालून, हलव्याचे दाणे प्लास्टिकच्या पुडीत बांधून दोन्ही पाकिटं तयार झाली. पोस्टातल्या बाईंनी शिक्का उचलला तशी ऋतुजा म्हणाली, “मॅडम, हळू मारा हो, आत भोकं आहेत.” बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं आणि शिक्का खरंच हळू मारला.

भोगी झाली, संक्रांत झाली. सृष्टीचं कार्ड आलं. यंदा तिनं भाड्याच्या नव्या खोलीची रिकामी भिंत काढली होती, एका खिळ्यासकट. सिद्धेश्वरीचं आलं नाही. किंक्रांतीलाही नाही. ऋतुजा दारात पोस्टमनची वाट बघायची आणि दाखवायची नाही. मग एका दुपारी फोन वाजला.

“ऋतू,” सिद्धेश्वरी म्हणाली.

“मिळालं का?”

“मिळालं. खिडकीत धरून बसलेय. तुझ्या लेकीचं डोकं आहे ना हे? भिंतीवर पडलंय गं, उजेडाचं. आईच्या पलंगावर पडलंय.”

“आणि तुझं कुठंय?”

सिद्धेश्वरीचा आवाज बदलला. “मी केलंच नाही यंदा. आई दिवाळीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणाला आहे. शाळा करायची, तिचं करायचं. तुला सांगणार होते, पण म्हटलं तू तुझ्या बाळाच्या व्यापात. मला वाटलं, तुला माफी दिली की माझीपण आपोआप होईल. दोघींनी नाही केलं तर कुणालाच काही वाटणार नाही.”

ऋतुजा भिंतीला टेकून खाली बसली. इतके दिवस तो हसरा सूर्य तिला सलत होता. त्याच्यामागं हे होतं तर. ठकू रांगत आली आणि तिच्या गुडघ्याला धरून उभी राहायला बघू लागली.

“काकूंना आता कसं आहे?”

“बरी आहे. चिडचिड करते. म्हणजे बरीच आहे.”

“मग कागद आण.”

“काय?”

“कागद आण. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देतात की नाही? मग कार्डही चालतं.”

“ऋतू, हात बसलाय गं माझा. फळ्यावर आंबा आणि झेंडा, एवढंच काढते मी. आणि वेळ—”

“वेळ नाही, माहीत आहे मला. नसतोच. माझंही पहिलं भाकरीसारखं झालं होतं, टाकून दिलं. आण कागद, मी फोन धरून बसते.”

“यंदा माफी दे ना गं.”

“नाही.”

पलीकडं एक खण ओढल्याचा आवाज आला. काहीतरी खाली पडलं, सिद्धेश्वरी काहीतरी पुटपुटली. लांबून तिच्या आईचा आवाज आला, “कोण आहे गं?” “ऋतुजा. डोकं खातेय,” सिद्धेश्वरी म्हणाली, आणि मग फोनजवळ येऊन, “काय काढू पण? वर्षभर काय बघितलंय मी? आईचे पाय. तेल लावताना, धुताना. दिवाळीपासून दुसरं काही बघितलंच नाही.”

“मग?”

आईनं ते ऐकलं असावं. “माझे पाय नको गं बाई काढू!” तिकडून खणखणीत आवाज आला. “नखं वाढलीत किती! काय म्हणेल ती!”

सिद्धेश्वरी हसली. कितीतरी दिवसांनी हसल्यासारखी, जरा रडक्या सुरात. “थांब, आधी तिची नखं कापते. मग काढते.”

“आधी काढ,” ऋतुजा म्हणाली. “नखं मागनं.”